पुट्टीत ‘बहुधा’ लिहिता येत नाही: कूटचा शिपाई, उंची ५४ मिलिमीटर

माझ्या अभ्यासाच्या टेबलावर दोन शिपाई उभे आहेत. दोघांची उंची ५४ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे माझ्या करंगळीएवढी. दोघेही मीच बनवले. दोघेही ११७ मराठा पलटणीचे, आणि दोघेही एकाच ठिकाणी, एकाच आठवड्यात उभे आहेत असं मला दाखवायचं होतं: कूट-अल-अमारा, एप्रिल १९१६चा शेवटचा आठवडा. पहिला दिसायला देखणा आहे. दुसऱ्याकडे घरी आलेली माणसं एकदा बघतात आणि विषय बदलतात. पण इतिहास म्हणून पहिला चुकलाय. तो कसा चुकला आणि ती चूक कुणी दाखवली, हे आज तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी जे पेट देऊन आता सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांना यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझा पीएच.डी.चा विषय पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या मराठी शिपायांचं रोजचं जगणं हा आहे. रसद, कपडे, आजारपण, पत्रं. लढायांच्या डावपेचांवर पुस्तकं आहेत. शिपायानं त्या दिवशी काय खाल्लं यावर फार कमी. आणि छंद म्हणाल तर लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे बाजारातून आणायचे आणि कुणाचा हात मोडला की तो ओल्या मातीनं जोडायचा, तिथपासूनचा. पुढे कळलं की जगभर लोक हे काम फार गंभीरपणे करतात: तार वाकवून सांगाडा, त्यावर दोन भाग मिसळून घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी, आणि सुई, टाचणी, दाताच्या डॉक्टरनं टाकून दिलेली हत्यारं. साचा नाही, तयार भाग नाहीत. बोटाएवढा माणूस शून्यापासून घडवायचा.

५४ मिलिमीटर हे माप का, असं कुणीही विचारतं. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानं १८९३मध्ये आतून पोकळ ओतलेले शिशाचे शिपाई बाजारात आणले. शिसं कमी लागायचं, म्हणून किंमत कमी. ते शिपाई या मापाचे होते आणि नंतर तेच माप हौशी लोकांनी धरून ठेवलं. प्रमाण साधारण एकास बत्तीस. म्हणजे माझ्या टेबलावरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या माणसाच्या अंगावरचे ३.२ सेंटिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कूटमध्ये काय झालं

ज्यांना हा प्रसंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९१५च्या नोव्हेंबरात मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांची सहावी पुणे डिव्हिजन बगदादच्या रोखानं चालली होती. सिटेसिफॉनला ऑटोमन फौजेनं तिला थोपवलं. डिव्हिजन मागे हटली आणि टायग्रिस नदीच्या वळणात वसलेल्या कूट गावात शिरली. ७ डिसेंबर १९१५ला वेढा पडला, तो २९ एप्रिल १९१६ला शरणागती येईपर्यंत टिकला. सुटकेसाठी खालून आलेल्या फौजेनं जानेवारीपासून पुन्हा पुन्हा हल्ले केले, सन्नैयतच्या चिखलात माणसं गेली, पण वेढा फुटला नाही. शेवटी १३,०००हून अधिक लोक कैदेत गेले. त्यात बहुसंख्य हिंदी शिपाई आणि त्यांच्या सोबतचे कामकरी होते. १०३ मराठा लाइट इन्फंट्री, ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा या तीन पलटणी कूटमध्ये होत्या. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत आजही ‘बसऱ्याला गेले होते’ एवढंच सांगितलं जातं, त्यातल्या काहींचं बसरा म्हणजे हे कूट.

पहिला शिपाई

पहिला शिपाई बनवायला मला चार महिने लागले, आणि त्यातले साडेतीन मी कपड्यांवर घालवले. खाकी ड्रिलचा शर्ट, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या, छातीवरून तिरका गेलेला १९०३ नमुन्याचा चामडी बॅन्डोलिअर, त्याचे काडतुसांचे खिसे, पागोट्याचे पेच. छायाचित्रं समोर ठेवली, नियमपुस्तकं चाळली, बकलांची मापं काढली. एक खिसा तीनदा खरवडून पुन्हा केला, कारण त्याचं झाकण अर्धा मिलिमीटर लांब झालं होतं.

आणि या सगळ्याच्या आत जे शरीर होतं, ते मी विकत आणलं होतं.

या छंदात रेझिनचे तयार ‘मॅनिकिन’ मिळतात. उघडं, कपडे नसलेलं, सांध्यांत वाकवता येणारं शरीर. त्यावर तुम्ही पुट्टीचे कपडे चढवायचे. वेळ वाचतो, प्रमाण बिघडत नाही. माझ्या मॅनिकिनचे खांदे रुंद होते, छाती भरलेली, मांड्या पीळदार. कुठल्याशा युरोपी व्यायामपटूवरून केलेलं असावं. मला त्यात काही खटकलं नाही, कारण मी शरीराकडे बघतच नव्हते. शरीर माझ्यासाठी कपडे अडकवायचा हँगर होतं. खेळण्यांच्या कारखान्यांतही एकच धड आणि वेगवेगळी डोकी ही जुनी युक्ती होती: पागोटं लावलं की हिंदी, हेल्मेट लावलं की इंग्रज. मी तेच केलं होतं, फक्त बटणं जास्त अचूक होती.

तो शिपाई घेऊन मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात गेले. तिथे माझ्या मुलाखती चालू होत्या. एका आबांचे आजोबा कूटला होते, कैदेतून १९१९मध्ये घरी परतले होते. आबा ऐंशीच्या पुढचे. लहानपणी त्यांनी आजोबांना पाहिलेलं. मी जरा कौतुकानंच डबी उघडली आणि शिपाई त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला, सगळीकडून फिरवला, पट्ट्यावरून नख फिरवलं. मग म्हणाले,

“पोरी, काम ग्वाड केलंयस. पर ह्यो जेवल्याला हाय.”

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, “म्हणजे, आबा?”

“पोटभर जेवल्याला दिसतुया. आमचं म्हातारं सांगायचं, शेवटी शेवटी उभं ऱ्हायला भितीचा आधार लागायचा. तिथनं आल्यावर मरेपातूर उशाखाली भाकरीचा तुकडा ठिवून झोपायचं.”

मी परतीच्या एसटीत डबी उघडली नाही. खरं सांगते, त्या वेळी माझ्या लॅपटॉपमध्ये कूटच्या शिध्यावरचं एक अख्खं प्रकरण होतं. दिवसाला किती पीठ, किती डाळ, कुठल्या तारखेला कपात, सगळं तक्त्यात. आणि त्याच हातांनी मी त्याच तारखेचा धष्टपुष्ट शिपाई बनवला होता. माझ्याच प्रकरणाचा अर्थ मला कळला नव्हता.

लिहिताना सुटतं, घडवताना सुटत नाही

का कळला नव्हता, यावर मी बराच विचार केला. माझं उत्तर असं आहे. गद्यात आपल्याला पळवाटा असतात. ‘शिपायांची प्रकृती खालावली’ हे वाक्य लिहिलं की काम झालं. किती खालावली, कुठे दिसत होती, दंडाला की गालाला, चालताना की उभं राहताना, हे वाक्य विचारत नाही. ‘बहुधा’, ‘साधारणतः’, ‘काही प्रमाणात’ या शब्दांनी आपण पुराव्यातली भोकं झाकतो, आणि कित्येकदा ते योग्यही असतं. पण पुट्टीत ‘बहुधा’ लिहिता येत नाही. दंड तीन मिलिमीटर जाड करायचा की दोन, हे ठरवावंच लागतं. तुम्ही ठरवलं नाहीत तर मॅनिकिन ठरवतो.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. याच कामातून इतिहासाच्या अभ्यासात एक फार मोठी कागदपत्रांची रास तयार झाली, तिची गोष्ट ऐका.

१८३०मध्ये विल्यम सायबर्न या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती बनवायचं काम मिळालं. लढाई १८ जून १८१५ची. त्यानं रणभूमीवरच्या ला हे सांत या शेतवाडीत आठ महिने मुक्काम करून जमिनीचा प्रत्येक चढउतार मोजला. मग प्रश्न आला बाहुल्यांचा. सत्तर हजारांहून जास्त छोटे धातूचे शिपाई लावायचे होते, आणि प्रत्येकाला कुठेतरी उभं करणं भाग होतं. पण कुठे? लढाई दिवसभर सरकत असते, बाहुली सरकत नाही. म्हणून त्यानं एक क्षण निवडला: संध्याकाळी सातच्या सुमाराचा, नेपोलियनच्या गार्ड पथकांच्या शेवटच्या हल्ल्याचा. आणि हयात असलेल्या अधिकाऱ्यांना त्यानं पत्रं पाठवली: त्या वेळी तुमची पलटण नेमकी कुठे होती, कुठल्या रचनेत होती, समोर शत्रू कोण होता, शेतात पीक कोणतं होतं?

शेकडो उत्तरं आली. वॉटर्लूवर काम करणारा कुणीही आज ती पत्रं टाळून पुढे जाऊ शकत नाही. त्यांतली निवडक पत्रं त्याच्या मुलानं १८९१मध्ये छापली. म्हणजे बघा, आधी प्रतिकृती ठरली आणि तिच्या गरजेतून साधनं गोळा झाली. पिकाचा प्रश्न एखाद्या ग्रंथकाराला सुचला नसता. बाहुली उभी करायला जमीन रंगवावी लागते, म्हणून तो सुचला.

पण याच गोष्टीची दुसरी बाजूही तुम्ही नीट बघा. एक: लढाईला पंधरा-वीस वर्षं उलटल्यावर विचारलेल्या आठवणी होत्या त्या. दोन: जवळजवळ सगळी उत्तरं अधिकाऱ्यांची, साध्या शिपायाला कुणी विचारलं नाही. तीन: सरकारनं मधेच पैसे थांबवले, आणि सायबर्नला कर्ज आणि वर्गणीवर काम पुरं करावं लागलं. चार, आणि सगळ्यांत नाजूक: प्रशियाचं सैन्य. सायबर्ननं जमवलेल्या माहितीनुसार सातच्या सुमाराला प्रशियन मोठ्या संख्येनं लढाईत उतरले होते, आणि त्यानं तशा बाहुल्या लावल्या. वेलिंग्टनच्या विजयात प्रशियनांचा वाटा केवढा, हा प्रश्न त्या बाहुल्यांमुळे टेबलावर येऊन बसला. वरच्या वर्तुळात ते आवडलं नाही. १८३८मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रतिकृती लोकांना दाखवली गेली, मोठी गर्दी झाली. पुढे सायबर्ननं प्रशियनांच्या जागेबद्दल आपली चूक झाल्याचं मान्य केलं आणि त्या बाहुल्या काढल्या. त्यानं पुरावा तपासून मत बदललं की दबावाखाली बदललं, यावर इतिहासकार अजून भांडतात. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

सायबर्ननं हेच सगळं फक्त ग्रंथात लिहिलं असतं, तर ‘संध्याकाळच्या सुमारास प्रशियन येऊ लागले’ या एका गुळमुळीत वाक्यात भांडण मिटलं असतं. बाहुल्या मोजता येतात, म्हणून भांडण झालं.

शरीराचा पुरावा कुठे शोधायचा

तर दुसरा शिपाई. या वेळी मॅनिकिन नाही. तांब्याची तार, वायरमधून सोलून काढलेली, आणि पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न: या माणसाचं शरीर त्या आठवड्यात कसं होतं?

आता इथे तुम्ही तुमच्या विषयाच्या जागी हा प्रश्न ठेवून वाचा. कपड्यांचा पुरावा लष्कर स्वतः ठेवतं, कारण कपड्यांना पैसे पडतात. शरीराचा पुरावा कोण ठेवतं? मला तीन ठिकाणी सापडला.

पहिलं, वैद्यकीय नोंदी. कूटमधले मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर यांनी वेढ्यातल्या आजारांबद्दल लिहून ठेवलंय. मेसोपोटेमियातल्या गोंधळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १९१७मध्ये निघाला, त्यातही वैद्यकीय व्यवस्थेवर पानंच्या पानं आहेत. त्यांतून एक विलक्षण गोष्ट दिसते. एकाच वेढ्यात, एकाच गावात, गोऱ्या आणि हिंदी शिपायांना वेगवेगळे आजार झाले. गोऱ्यांच्या शिध्यात पांढऱ्या पिठाचा पाव आणि बिस्किटं होती, त्यांना बेरीबेरी झाला. हिंदी शिपाई आटा आणि डाळ खात होते, म्हणून ते त्यातून वाचले. पण भाजीपाला नाही, ताजं मांस नाही, त्यामुळे त्यांना स्कर्व्ही झाला. गोऱ्यांना स्कर्व्हीपासून बऱ्याच अंशी वाचवलं ते घोड्याच्या मांसानं. पुढे पांढरं पीठ संपून त्यांनाही जव आणि आटा मिळू लागला, तेव्हा त्यांचा बेरीबेरी कमी झाला.

घोड्याचं मांस हिंदी शिपायांनी बराच काळ नाकारलं. भारतातून धर्मगुरूंची संमती तारेनं मागवली गेली, तरीही बहुतेकांनी ते खायला सुरुवात केली ती एप्रिलमध्ये, अगदी शेवटी. टाउनशेंड आणि इतर अधिकाऱ्यांच्या लिखाणात याला हटवादीपणा म्हटलंय. पण त्याच काळच्या लिखाणात शिपायांची भीतीही नोंदलेली आहे: गावी परतल्यावर वाळीत टाकतील, मुलींची लग्नं होणार नाहीत. म्हणजे माणूस उपाशी पोटी गावाचा विचार करत होता. साधन एकच, पण कुणाच्या जागेवर बसून वाचता यावर अर्थ बदलतो.

या नोंदी हातात आल्यावर माझी पुट्टी बदलली. स्कर्व्हीत सांधे दुखतात, पायांत रक्त उतरल्यासारखे डाग पडतात, गुडघा सरळ करवत नाही. म्हणजे ‘सावधान’मध्ये ताठ उभा असलेला शिपाई त्या आठवड्यात मला दाखवता येणार नव्हता. तारेचे दोन्ही गुडघे मी किंचित वाकवले. ‘भितीचा आधार लागायचा’ हे आबांचं वाक्य आता वैद्यकीय नोंदीशेजारी नीट बसत होतं. तोंडी आठवण आणि सरकारी कागद असे एकमेकांना टेकू देतात तेव्हा जो आनंद होतो ना, तो संशोधनात वारंवार मिळत नाही.

दुसरं ठिकाण, छायाचित्र. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात कूटमधून वाचलेल्या एका हिंदी शिपायाचा फोटो आहे. हाडांचा सापळा झालेला माणूस. मथळ्यात त्याचं नाव नाही. हा फोटो पाहिल्यावर मी उत्साहानं त्यावरूनच मापं घ्यायला बसले, आणि दुसऱ्या दिवशी थांबले. कारण तो शरणागतीनंतर आजारी कैद्यांच्या अदलाबदलीत सुटलेल्या माणसाचा आहे. माझा क्षण त्याच्या आधीचा. सायबर्नचा सातचा ठोका आठवा: क्षण एकदा निवडला की दुसऱ्या क्षणाचा पुरावा तसाच्या तसा उचलता येत नाही. शिवाय फोटोसाठी सगळ्यांत वाईट अवस्थेतला माणूस निवडला गेला असणार. मॅनिकिन एका टोकाची चूक होती, फोटोवरून केलेली नक्कल दुसऱ्या टोकाची झाली असती. पहिल्या चुकीची लाज वाटली की माणूस घाईघाईनं उलट्या दिशेची चूक करतो. प्रबंधांतही हे नेहमी दिसतं.

तिसरं ठिकाण, वस्तू. आबांच्या घरी आजोबांचं एक चांदीचं पदक होतं. घरच्यांना पलटण माहीत नव्हती. ‘मराठा पलटण’ एवढंच. मी भिंग घेऊन पदकाची कड बघितली, कारण मिनिएचर बनवणाऱ्याला कड बघायची सवयच असते. कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली होती: ११७ मराठा. शंभर वर्षं ते पदक घरात होतं, दसऱ्याला पूजेत मांडलं जायचं, आणि माहिती कडेवर होती. तुम्हाला कुठल्याही घरात वस्तू दाखवली गेली तर ती उलटी करून बघा. आधी परवानगी घ्या, पण बघा.

पाऊण मिलिमीटर

आता माप. मॅनिकिनचा दंड ३ मिलिमीटर होता, म्हणजे खऱ्या माणसात साडेनऊ सेंटिमीटरच्या वर जाडी. दुसऱ्या शिपायाचा दंड मी शेवटी २.२ मिलिमीटर ठेवला, म्हणजे सुमारे सात सेंटिमीटर. जेवलेला आणि उपाशी यांच्यातलं अंतर माझ्या टेबलावर जेमतेम पाऊण मिलिमीटर निघालं. पहिल्या वेळी एका खिशाच्या झाकणावरचा अर्धा मिलिमीटर मला दिसला होता, आणि हा पाऊण दिसला नव्हता.

शरीर आधी केलं, ते पूर्ण वाळू दिलं, मग कपडे चढवले. हा या कलेतला साधा नियम आहे: कापडाची घडी खालच्या हाडावर ठरते. तेच कापड, तोच बॅन्डोलिअर, पण आता सगळं लोंबायला लागलं. शर्टाला खांद्यावर आणि कमरेवर जादा घड्या आल्या. पट्टा आतल्या भोकात गेला आणि त्याचं टोक लांब सुटलं. पायाच्या पट्ट्या पोटरीवर सैल झाल्या. मी एकही नवीन ‘तपशील’ जोडला नाही. खालचं शरीर बदललं, आणि वरचे सगळे तपशील आपोआप बदलले.

तुमच्या सैद्धांतिक चौकटीचा विचार इथे करा. आपल्यातले बरेच जण चौकट तयार विकत आणतो: कुणीतरी दुसऱ्या देशासाठी, दुसऱ्या माणसांसाठी घडवलेली. तिच्यावर आपले मराठी तपशील चढवतो, तळटिपा अचूक देतो आणि व्हायव्हाला जातो. तपशील सगळे खरे असतात. आतलं शरीर मात्र दुसऱ्याचं असतं. चौकट घेऊच नका असं मी म्हणत नाही, मीही घेतली आहे. पण तुमच्या साधनांतला माणूस तिच्यात मावतो का, हे कपडे चढवण्याआधी तपासा.

जे केलं नाही

या कामात मी एक तक्ता ठेवला. शिपायाच्या प्रत्येक भागासमोर तीन रकाने: पुरावा, अनुमान, रिकामं. बॅन्डोलिअर पहिल्या रकान्यात. गुडघे दुसऱ्या रकान्यात, शेजारी हेहिर आणि आबा दोघांची नोंद. चेहरा तिसऱ्या रकान्यात.

आजोबांचा फोटो घरात नाही. “नातवावरनं कर की, त्येंच्यासारखाच दिसतो म्हणत्यात,” असं घरातल्या काकूंनी सुचवलं. मोह झाला. पण तसं केलं असतं तर पुढच्या पिढीला तोच चेहरा आजोबांचा वाटला असता, आणि तो मी शोधलेला नव्हता, रचलेला असता. मी शिपायाची मान खाली घातली, पागोट्याची सावली चेहऱ्यावर पडेल अशी. पायथ्यावर नाव लिहिलं नाही. फक्त ‘११७ मराठा, कूट, एप्रिल १९१६’ एवढंच.

नाव न लिहिण्याचं मला वाईट वाटलं, त्याला एक कारण आहे. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा ४०,०००हून अधिक लोकांचं स्मारक बसऱ्यात उभारलं गेलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीगणिक फक्त आकडे कोरले. आबांचे आजोबा परत आले, पण त्यांच्या शेजारी उभा असलेला जो परत आला नाही, तो त्या दगडावर एक आकडा आहे. ज्यांची नावंच पुसली गेली त्यांच्या बाबतीत आपण आणखी खोटं जोडू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

दुसरा शिपाई घेऊन मी पुन्हा आबांकडे गेले. या वेळी मी काही बोलले नाही. त्यांनी बराच वेळ बघितलं. मी त्याच्या हातात रायफल दिली होती, पण खांद्यावर नाही. दस्ता जमिनीला टेकवून दोन्ही हातांनी धरलेली, काठीसारखी. आबांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “टेकायला दिलंस त्ये बरं केलंस.” मग सुनेला हाक मारून म्हणाले, “पोरीला जेवूनच जाऊ दे.”

शेवटी तुमच्यासाठी एक गृहपाठ. पुट्टी, तार काही नको, एक कोरा कागद पुरे. तुमच्या प्रबंधातला एक माणूस निवडा: गिरणीतली बाई, कुळ, तलाठी, नाटकातला पडदा ओढणारा, कुणीही. एक तारीख आणि एक वेळ ठरवा. आता तो माणूस तुम्हाला बोटाएवढा घडवायचा आहे असं समजून प्रश्न लिहा. पायात काय आहे? हातात काय आहे? शेवटचं कधी जेवला? कशाला टेकलाय? वर छप्पर आहे का? पन्नास प्रश्न होईपर्यंत थांबू नका. मग तीन रकाने आखा आणि प्रत्येक प्रश्न योग्य रकान्यात टाका.

पहिला रकाना भरला की बरं वाटेल. तुमचं काम बहुतेक तिसऱ्यात असेल. आणि पहिल्या रकान्यातल्या उत्तरांकडेही पुन्हा एकदा बघा: त्यातलं तुम्ही स्वतः शोधलेलं किती, आणि मॅनिकिनबरोबर आलेलं किती.